१० गुंठे बटाटा: आधी घरचा, मग बाजाराचा

पुणे जिल्ह्यात खेड-आंबेगावकडे बटाट्याचं उत्पन्न पटीत सांगतात, "एकाला दहा पडले." म्हणजे एका गोणी बेण्याला १० गोण्या. १० गुंठ्यांना दीड-दोन क्विंटल बेणं लागतं. साधलं तर १५-२० क्विंटल माल येतो. पाच माणसांच्या घराला रोज किलोभर धरला तर चार महिन्यांना सव्वा क्विंटल पुरे. हा वाटा लागवडीलाच ठरवून टाका. व्यापारी बांधावर उभा राहिल्यावर तो निघत नाही.

रब्बीची लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरका. शीतगृहातलं बेणं आणल्या आणल्या लावू नका. सावलीत ८-१० दिवस पसरा. डोळ्यांतून आखूड, जाड, हिरवट कोंब फुटले की ते तयार. कापायचंच असेल तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवा आणि विळा मधूनमधून बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवा. एक कुजका बटाटा त्याच विळ्याने सगळं बेणं नासवतो.

महिन्याने मातीची भर द्या. उघडा पडलेला बटाटा हिरवा, कडू होतो. तो घरातही खाऊ नका, गिऱ्हाइकालाही देऊ नका.

काढणीआधी ८-१० दिवस पाला कापा म्हणजे साल पक्की होते. अंगठ्याने घासून पाहा, साल सुटली तर थांबा. काढलेला माल रात्री शेतात उघडा ठेवू नका, पाकोळी (बटाटा पोखरणाऱ्या अळीचा पतंग) त्यावर अंडी घालते.

आता आरण, म्हणजे शेतातच पाचटाखाली बटाटा साठवायचा ढीग. दाट सावलीच्या झाडाखाली पाचटाचा थर द्यायचा, त्यावर कोरडे, न कापलेले बटाटे रचायचे आणि वरून पुन्हा जाड पाचट. ढीग कमरेच्या वर नको. दर आठवड्याला हात घालून पाहा: ओल लागली किंवा आंबूस वास आला, तर त्याच दिवशी उपसून निवडा. फेब्रुवारीत सगळ्यांचाच माल येतो तेव्हा गरजेपुरता विका, बाकीचा आरणीत ठेवून मे अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने काढा. पाऊस पडायच्या आत आरण रिकामी झालीच पाहिजे.

विकताना मोठा, मध्यम, बारीक असा माल वेगळा भरा. पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब, तिथेच वाचा. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाल्याची आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याकडून घेता येत नाही. पट्टीत आडत कापली असेल तर बाजार समितीत लेखी तक्रार द्या.

काढताना कापला गेलेला पण न कुजलेला माल टाकू नका. वाईट भाग काढून उकडा, किसा आणि कडक उन्हात खडखडीत वाळवा. आषाढी एकादशीला बाजारात बटाटा महागलेला असतो, तेव्हा हाच कीस तळायला घरात असतो.