आधी पुठ्ठ्याचं, मग प्लायचं: घरी बनवलेलं गेमचं मशीन

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गेम पार्लरमध्ये मी एकदाही खेळले नाही. माझं काम दादाला जेवायला बोलवायचं. दारातून "दादा, चल की, आई ओरडायला लागलीय" म्हणायचं आणि त्याची "शेवटची लाइफ" संपेपर्यंत ताटकळायचं. कॅपकॉमचा 1993 चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', म्हणजे सगळ्यांचा 'मुस्तफा', मला पडद्यावर कधी धड दिसलाच नाही. दिसायची ती दादाची पाठ आणि मशीनची एक बाजू. गेल्या वर्षी मशीन करायला घेतलं तेव्हा तीच बाजू आठवून कागदावर उतरवली.

मी उद्यमनगरात ड्रॉइंगचं काम करते, त्यामुळे मापांची खोड आहे. तरी सांगते, प्लायला हात लावण्याआधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि पूर्ण आकाराची एक बाजू कापून भिंतीला टेकवा. जो जास्त खेळणार त्याला समोर उभं करा, कोपर वाकवायला सांगा. हात जिथे आरामात टेकतात ती कंट्रोल पॅनलची, म्हणजे जॉयस्टिक-बटणांच्या फळीची उंची. दादासाठी ती 96 सेंमी निघाली. कागदावर मी 105 धरली होती. तसं केलं असतं तर दहा मिनिटांत खांदे भरून आले असते.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेलं बोर्ड, स्वस्त पडतं, पण आपल्या पावसाळ्यात ओल लागली की कडेनं पावासारखं फुगतं. 18 मिमी प्लाय घ्या. 8 × 4 फुटी शीटमध्ये 60 सेंमी रुंदीच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी बसतात, करवतीची जागा धरूनही. बाकीच्या भागांना दुसरी शीट लागते. सुताराला दोन्ही बाजू एकावर एक ठेवूनच कापायला सांगा, नाहीतर मशीन तिरकं उभं राहतं.

आता माझी चूक. कंट्रोल पॅनलही मी 18 मिमीचंच केलं. जॉयस्टिक खालून बसवली तर वर दांडा जेमतेम बोटभर! दादा म्हणाला, "काय गं, हे फिरवायचं की चिमटीत धरायचं?" शेवटी खालच्या बाजूनं राउटर (लाकूड कोरायचं मशीन) मारून तेवढी जागा 6 मिमीवर आणली. तुम्ही आधीच हे करा, किंवा पॅनल पातळ प्लायचं करून खाली पट्ट्या मारा. बटणं नट लावून आवळायची घ्या, नुसती दाबून बसणारी जाड लाकडात धरत नाहीत. आणि भोकं पाडण्याआधी बटणाला व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावा. माझ्या पाकिटावर 30 मिमी लिहिलं होतं, मोजलं तर 28 चं भोक पुरत होतं. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) अर्धा वरून, अर्धा खालून चालवला की सनमायकाचे टवके उडत नाहीत. दोन जॉयस्टिकमध्ये निदान 50 सेंमी अंतर हवं, नाहीतर कोपराकोपरी होते.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. कुठलं बटण दाबलं ते कॉम्प्युटरला कळवणारं यूएसबी एन्कोडर नावाचं छोटं बोर्ड मिळतं, एका खेळाडूला एक. प्रत्येक बटणाची वायर त्यात खोचायची, सोल्डर नाही काही नाही. वायरच्या टोकाची क्लिप मात्र बटणाच्या पात्याला जुळणारी हवी, 2.8 आणि 4.8 मिमी अशी दोन मापं असतात.

आत ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणि 19 इंची चौकोनी मॉनिटर आहे. 1280 × 1024 च्या पडद्यावर जुना 4:3 गेम लावला तर वर-खाली 32-32 पिक्सेलची काळी पट्टी उरते, ती डोळ्यात येत नाही. मॉनिटर थोडा मागे कलता ठेवा. मागे खाली आणि वर हवेला भोकं, आणि अर्थिंग असलेलाच प्लग. गेम विकत घेतलेले चालवते. 'किंग ऑफ फायटर्स 97' मिळतो, मुस्तफा मला विकत मिळाला नाही. दादा त्यावर अजून रुसलाय.

कॉइन अ‍ॅक्सेप्टर, म्हणजे नाणं ओळखून घेणारा भाग, नसला तरी चालतं, पण मला तो खणखणाट हवा होता. तो 12 व्होल्टवर चालतो. कॉम्प्युटरच्या सप्लायची पिवळी वायर 12 ची, काळी ग्राउंड. अ‍ॅक्सेप्टरच्या सिग्नलची वायर एन्कोडरच्या रिकाम्या जागेत जाते. अ‍ॅक्सेप्टरवरचा सिग्नलचा स्विच 'स्लो'वर ठेवा, नाहीतर नाणं पडलेलं कधी कधी कळतच नाही. आणि नाणं त्याला शिकवावं लागतं, पंधरा-वीस वेळा टाकून. इथे मी अडकले. पार्लरमधला रुपया 25 मिमीचा, 1992 पासून निघालेला. 2011 नंतरचा 22 च्या आसपास, 2019 नंतरचा 20 चा. एक शिकवला की दुसरा परत फेकतो. मी जुनाच शिकवला. आईच्या देवघरातल्या डब्यात तसे सहा सापडले.

सहा रुपये संपले की मागचं दार उघडून तेच परत काढायचे. त्या दाराची चावी माझ्याकडे असते.