सीलिॲकवर संशोधन करताय? आधी ताटात काय पडतं ते विचारा

सीलिॲकवर, म्हणजे ग्लुटेनमुळे आतडं झिजवणाऱ्या आजारावर, पीएचडी करायची म्हणून जळगाव-धुळ्याकडे रक्ताचे नमुने गोळा करायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन), एचएलए (आजाराची शक्यता ठरवणारी जनुकं), मार्श ग्रेड (बायोप्सीत आतडं किती झिजलं त्याची पायरी) हे तुम्ही वाचलेलं असणारच.

खानदेशात घात होतो तो आहाराच्या प्रश्नात. टीटीजी-आयजीए ही सीलिॲकच्या रक्ततपासणीत शोधतात ती अँटीबॉडी पोटात ग्लुटेन जात असेल तोवरच रक्तात टिकते. गहू बंद झाला की ती उतरत जाते, आतड्याचे झिजलेले अंकुरही पुन्हा वाढू लागतात. आपल्याकडे घरात कळण्याची नाहीतर बाजरीची भाकरी असतेच. ‘गहू पोटले सोसत नही’ म्हणत पेशंटने पोळी केव्हाच सोडलेली असते. अशा माणसाचा निगेटिव्ह रिपोर्ट काहीच सांगत नाही. माझ्या निगेटिव्ह गटातले असे बरेच नमुने शेवटी बाजूला काढावे लागले. ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो.

म्हणून ‘गहू खाता का?’ एवढ्यावर थांबू नका. पोळी आठवड्यातून किती वेळा, शेवटची कधी, चहासोबत टोस्ट-खारी, लग्नातली बट्टी, शेवया, एकेक करून विचारा. खपली गव्हातही ग्लुटेन असतंच. ज्वारी कोणत्या गिरणीत दळता, हेही विचारा. आधी गहू दळला असेल तर ते पीठ ज्वारीत उतरतं. घरच्या बाईमाणसाला बोलावून विचारा, दळणाची खरी माहिती तिथेच मिळते.

गहू सुटला म्हणून सगळं संपलं असं नाही. एचएलए आहाराने बदलत नाही. त्यातले डीक्यू२ आणि डीक्यू८ हे दोन्ही प्रकार नसतील तर सीलिॲक जवळपास बाद. असले तरी निदान होत नाही, निरोगी माणसांतही ते भरपूर सापडतात. एकूण आयजीए (टीटीजी ज्या गटातली अँटीबॉडी, तो अख्खा गट) मात्र मोजाच. ते मुळातच कमी असलं तर टीटीजी खोटं निगेटिव्ह येतं. आणि केवळ तुमच्या अभ्यासासाठी कुणाला पुन्हा गहू खायला लावू नका. तो निर्णय पोटविकारतज्ज्ञाचा.

गाइड निवडताना मोठ्या नावामागे धावू नका. मायक्रोस्कोपला तुमच्या शेजारी बसणारा हवा. बायोप्सीचा तुकडा तिरका कापला गेला की धडधाकट अंकुरही आखूड दिसतात, हे कुणी दाखवल्याशिवाय डोळ्याला कळत नाही. नुसती किट चालवून पेपर काढायला सांगणाऱ्यापासून लांब राहा.

पॉझिटिव्ह कमी निघाले तर खचू नका. २०१६ च्या देशव्यापी अभ्यासात रक्तात सीलिॲकच्या अँटीबॉडी सापडण्याचं प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, तर दक्षिणेत जेमतेम ०.१० टक्के होतं. नमुन्यांची संख्या ठरवतानाच हे आकडे गाइडपुढे ठेवा.