‘ट्रान्सफर कंप्लीट’वर विसंबू नका: एफटीपी वापरताना या चुका टाळा

एफटीपी, म्हणजे आपल्या मशीनवरून सर्व्हरवर फाइल पाठवण्याची आणि तिथून आणण्याची पद्धत, शिकायला अर्धा तास पुरतो. लॉगिन करायचं, फोल्डर गाठायचं, ‘पुट’ने फाइल चढवायची, ‘गेट’ने उतरवायची. इतकं सोपं असल्यामुळेच लोक ते घाईघाईत उरकतात. पडद्यावर ‘ट्रान्सफर कंप्लीट’ उमटलं की खिडकी बंद. ती फाइल खरोखर उघडायची वेळ महिन्या-दोन महिन्यांनी येते आणि मग धावाधाव सुरू होते. या धावपळीमागच्या चुका ठरलेल्या असतात. त्यातल्या दोन तर मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मोड न बघता फाइल पाठवणं

विंडोज मजकुराच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन बाइट लिहितं, १३ आणि १०. लिनक्स फक्त १० लिहितं. एफटीपीच्या आस्की मोडमध्ये हा फरक वाटेतच जुळवून घेतला जातो. बायनरी मोडमध्ये एकाही बाइटला हात लागत नाही. त्यामुळे फोटो, झिप, पीडीएफ, डेटाबेसचा डंप (पूर्ण उतारा) हे सगळं बायनरीनेच गेलं पाहिजे. पण एफटीपीचे नियम सांगणाऱ्या १९८५ च्या आरएफसी ९५९ या दस्तऐवजानुसार, काही सांगितलं नाही तर आस्की गृहीत धरायचा असतो. विंडोजच्या कमांड लाइनवरचा एफटीपी प्रोग्रॅमही आस्कीतच सुरू होतो.

एका कार्यालयात हिशेबाच्या डेटाबेसची झिप रोज रात्री विंडोजच्या मशीनवरून लिनक्स सर्व्हरवर जायची. स्क्रिप्ट तिथल्या एका उत्साही मुलाने कुठूनतरी उचललेली होती आणि तिच्यात ‘बायनरी’ ही एक ओळ नव्हती. रोज सकाळी लॉगमध्ये २२६ हा यशाचा आकडा दिसायचा, सर्व्हरवर नवी फाइल दिसायची आणि सगळे निर्धास्त असायचे. मग त्या विंडोज मशीनची डिस्क गेली. सर्व्हरवरून झिप आणली तर ती उघडेना. आदल्या दिवशीची आणली, तिचीही तीच गत. मला बोलावलं तेव्हा तो मुलगा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, ‘सर, साइज तर बरोबर आहे.’ फाइल मॅनेजरमध्ये ती बरोबर दिसतही होती, कारण तिथे आकडा एमबीमध्ये गोळाबेरीज करून दाखवला जातो. एफटीपी प्रोग्रॅम मात्र किती बाइट पाठवले ते नेमकं लिहितो. स्क्रिप्टचे जुने लॉग सर्व्हरवरही ठेवलेले होते. ते काढून बाइट ताडून पाहिले, तर सर्व्हरवरची प्रत्येक झिप थोडी लहान निघाली.

किती लहान, याचं गणित सोपं आहे. झिपच्या आतले बाइट जवळपास कुठल्याही क्रमाने येतात. त्यात १३ च्या लगेच पुढे १० येण्याची शक्यता साधारण ६५,५३६ मध्ये एक. म्हणजे १० एमबीच्या फाइलमधून जेमतेम १६० बाइट उडतात. ते परत बसवताही येत नाहीत. तेवढ्या फाइलमध्ये १० हा बाइट चाळीस हजारांच्या आसपास वेळा येतो. त्यातल्या नेमक्या कुठल्या १६० ठिकाणी आधी १३ होता, याची खूण मागे राहत नाही. शेवटी कुणीतरी पेनड्राइव्हवर घेतलेली एक जुनी प्रत सापडली आणि तिच्या पुढच्या सगळ्या नोंदी लोकांनी व्हाउचरचे गठ्ठे समोर घेऊन हाताने चढवल्या. एका ओळीपायी.

पीएनजी हा चित्रांचा फॉरमॅट ज्यांनी ठरवला, त्यांनी ही चूक आधीच ओळखली होती. प्रत्येक पीएनजी फाइलचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. त्यातली १३-१० ही जोडी आणि शेवटचा सुटा १० मुद्दाम ठेवले आहेत. आस्की मोडने फाइल गेली तर ही खूणच बिघडते आणि चित्र उघडणारा प्रोग्रॅम पहिल्याच पावलावर थांबतो.

माझी सवय अशी: लॉगिन झालं की पहिली कमांड ‘बायनरी’. फाइल साध्या मजकुराची असली तरी तीच. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट बायनरीने लिनक्सवर गेली तर ओळीच्या शेवटच्या त्या जादा १३ मुळे ‘बॅड इंटरप्रिटर’ असा एरर येतो, हे खरं आहे. पण ती दुरुस्ती एडिटरमध्ये मिनिटाभरात होते, फाटलेली झिप कशानेच शिवता येत नाही. फाइलझिला हा एफटीपी प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी ट्रान्सफर टाइप ‘ऑटो’ वरून काढून ‘बायनरी’वर ठेवावा. ऑटो फाइलचं एक्स्टेन्शन बघून अंदाज बांधतो आणि एक्स्टेन्शन नसलेली फाइल मूळ सेटिंगमध्ये मजकूर म्हणून धरतो. अंदाजावर बॅकअप सोडू नये.

अर्धी फाइल पूर्ण समजणं

एफटीपीला दोन जोडण्या लागतात. पोर्ट २१ वरून, म्हणजे सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या दारातून, कमांड जातात आणि डेटासाठी प्रत्येक वेळी वेगळी जोडणी उघडते. नेहमीच्या पद्धतीत फाइल संपली हे सर्व्हरला कळतं ते डेटाची जोडणी बंद झाली यावरूनच. फाइल किती मोठी आहे हे त्याला आधी कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे पाठवणारा प्रोग्रॅम मध्येच गुंडाळला गेला आणि जोडणी रीतसर बंद झाली, तर जेवढं आलं तेवढ्यालाच सर्व्हर पूर्ण फाइल समजू शकतो. २२६ चा अर्थ इतकाच की सर्व्हरच्या बाजूने काम आटोपलं. तुमची फाइल जशीच्या तशी पोचली, असं तो म्हणतच नाही.

म्हणून चालू फाइलवर थेट अपलोड करू नका. मोठी फाइल चढत असताना जुनी आधीच पुसली गेलेली असते, आणि त्या वेळेत जो कुणी ती वाचायला येईल त्याच्या हाती तुकडा लागतो. दर काही मिनिटांनी फोल्डर तपासणारा प्रोग्रॅम अर्धी यादी उचलतो, तेवढीच नोंदवतो आणि कुठेही एरर येत नाही. हा प्रकार शोधून काढायला फार त्रास होतो. मी नेहमी फाइल वेगळ्या नावाने चढवतो, शेवटी ‘.पार्ट’ लावून. दोन्हीकडचे बाइट जुळले की मग ‘रिनेम’. नाव बदलणं सहसा क्षणात होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला जुनी तरी पूर्ण मिळते किंवा नवी तरी.

फाइल महत्त्वाची असेल तर बाइट जुळणंही पुरेसं नाही, दोन्हीकडे शा-२५६ चा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढा आणि ताडा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये त्यासाठी ‘गेट-फाइलहॅश’ आहे, लिनक्सवर ‘शा२५६सम’. नवशिक्यांना यात वेळ जातो असं वाटतं. जाऊ द्या वेळ.

तुटलेलं डाउनलोड ‘रिझ्यूम’ करतानाही थांबून बघा. मधल्या वेळात मूळ फाइल बदलली असेल तर अर्धा भाग जुना आणि अर्धा नवा अशी जोडलेली फाइल तयार होते. शंका आली की मी सरळ पहिल्यापासून उतरवतो.

लॉगिन होतं, पण यादी येत नाही

हे जवळजवळ नेहमी अॅक्टिव्ह-पॅसिव्हचं दुखणं असतं. अॅक्टिव्ह मोडमध्ये डेटाची जोडणी सर्व्हर तुमच्या मशीनकडे उघडतो. तुमचा राउटर किंवा फायरवॉल अनोळखी म्हणून ती अडवतो आणि तुम्ही रिकाम्या पडद्याकडे बघत बसता. पॅसिव्ह मोड लावा, मग दोन्ही जोडण्या तुमच्याकडून उघडतात. सर्व्हर २२७ च्या उत्तरात सहा आकडे देतो. पहिले चार पत्त्याचे असतात, शेवटचे दोन पोर्टचे. पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवायचा, म्हणजे १९५ आणि ८० आले तर पोर्ट ५०,०००. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कपुरता असेल, आणि सर्व्हर इंटरनेटवर कुठेतरी लांब असेल, तर चूक सर्व्हरच्या सेटिंगची आहे. हे न बघता फायरवॉलच बंद करून टाकणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. विंडोजच्या कमांड लाइनवरच्या एफटीपीला पॅसिव्ह येतच नाही, तेव्हा तिथे डोकं न लावता दुसरा क्लायंट, म्हणजे एफटीपीचा दुसरा प्रोग्रॅम, घ्या.

बाकीच्या चुका

साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. वाटेत कुणी वायरशार्क हा नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम लावून बसलं तर त्याला तो वाचता येतो. अभय भूषण यांनी एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ मध्ये लिहिला, तेव्हा नेटवर्कवर मोजकी ओळखीची मशीन होती. आज पर्याय असेल तर एसएफटीपी घ्या.

एसएफटीपी आणि एफटीपीएस एक नव्हेत. पहिलं एसएसएचवर, म्हणजे दुसऱ्या मशीनशी कूटबद्ध जोडणी करण्याच्या पद्धतीवर, पोर्ट २२ ला चालतं. दुसरं म्हणजे टीएलएसचं (https मध्ये असतं त्या कूटबद्धतेचं) कवच चढवलेलं एफटीपी, पोर्ट २१ किंवा ९९० ला. एफटीपी निवडून पोर्टच्या जागी २२ टाकलं की काहीही होणार नाही.

एफटीपीचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकू नका. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये ती सोय काढून टाकली.

लिनक्सवर इंग्रजी लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. फोटो दिसत नसेल तर आधी नाव अक्षरशः ताडा.

‘प्रॉम्प्ट’ (प्रत्येक फाइलआधी विचारणं) बंद करून ‘एमपुट’ (एकदम अनेक फाइली चढवणं) किंवा ‘एमडिलीट’ (एकदम अनेक पुसणं) चालवण्याआधी ‘पीडब्ल्यूडी’ने सर्व्हरवरचं फोल्डर बघा आणि आपल्या बाजूचंही. दर वेळी.

आणि मदत मागताना ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. पासवर्डची ओळ काढून बाकी लॉग जसाच्या तसा द्या, कारण उत्तर त्या तीन आकडी कोडमध्येच असतं. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने पुन्हा करून बघा. ५ ने सुरू होणारा म्हणजे तीच कमांड पुन्हा देऊन उपयोग नाही. ५३० आला तर लॉगिनचं बघा. ५५० आला तर फाइलचं नाव, फोल्डर आणि परवानगी तपासा.