कॉम्प्युटर सुरू होताच बंद पडतोय? आधी या चुका टाळा

बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि लगेच सगळं बंद. अशा वेळी हात आपोआप पुन्हा बटणाकडे जातो. पहिली चूक हीच. कॉम्प्युटर स्वतःहून बंद होतो तेव्हा बहुतेकदा एसएमपीएसने (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याने) किंवा मदरबोर्डने (सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाने) कुठला तरी भाग वाचवण्यासाठी वीज तोडलेली असते. कुठे शॉर्ट असेल, तर प्रत्येक वेळी बटण दाबताना आपण त्याच जागी पुन्हा करंट सोडत असतो. जळका वास आला किंवा ‘चट’ असा आवाज झाला, तर प्लग काढा आणि कारण सापडेपर्यंत लावू नका.

त्याऐवजी एकदाच सुरू करा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. नवीन भाग विकत घेण्याआधी ही एवढी नोंद करणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

एक सेकंदही न टिकता बंद झाला, तर संशय शॉर्टवर किंवा एसएमपीएसवर. दर वेळी साधारण चार सेकंदांनीच बंद होत असेल, तर कॅबिनेटचं पॉवर बटण आत अडकलंय का ते बघा. बटण चार सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर सक्तीने बंद होतो, आणि अडकलेलं बटण म्हणजे सतत दाबून धरलेलं बटण! खात्री करायची असेल तर मदरबोर्डवरची पॉवर स्विचची वायर काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. आता कॉम्प्युटर चालू राहिला, तर दोष फक्त बटणाचा.

दहा-वीस सेकंदांपासून दोन-तीन मिनिटांपर्यंत टिकत असेल, तर प्रोसेसर तापतोय का ते तपासा. याची खूण अशी: थंड होऊ दिल्यावर जास्त वेळ चालतो, लगेच सुरू केला तर आधीपेक्षा लवकर बंद पडतो. इथे ‘पंखा फिरतोय, म्हणजे कूलिंग ठीक आहे’ असं समजण्याची चूक फार जण करतात. पंखा फिरत असतानाही हीटसिंक (पंख्याखालचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) प्रोसेसरवरून उचललेला असू शकतो. प्लास्टिकच्या चार पिनांवर बसणाऱ्या कूलरची एखादी पिन निसटली की एक कोपरा वर येतो. प्रत्येक पिन हलवून बघा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट सुकून कडक झाली असेल तर जुनी पूर्ण पुसून नवी लावा. कूलर नवा असेल, तर त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म काढलीय ना तेही बघा.

आपोआप बंद-चालू, बंद-चालू असं चक्र सुरू असेल, तर आधी रॅम. दोन्ही बाजूंचं ‘टक्’ ऐकू येईपर्यंत ती दाबून बसवा. एकच स्टिक ठेवून, मग दुसरी लावून बघा. सोन्याचे संपर्क साफ करायला खोडरबर वापरलात तर हलक्या हाताने, आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. डीडीआर५ रॅम नव्याने लावली असेल, तर पहिल्यांदा मदरबोर्ड तिची जुळणी करतो. त्यात स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, एक-दोनदा रीस्टार्टही होतो. घाबरून मध्येच प्लग काढू नका.

विंडोज फॉरमॅट करायची घाई तर अजिबात नको. विंडोजचा लोगो येण्याआधीच मशीन बंद पडत असेल, तर विंडोजची पाळी आलेलीच नसते. फॉरमॅटने दोष जाणार नाही, तुमचा डेटा मात्र जाईल. नंतर कधी चालू झाला आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं, तर त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं. कारण त्यातून कळत नाही.

एसएमपीएसबाबत जरा सावध राहा, कारण इथल्या चुका महागात पडतात. एसएमपीएसच्या मुख्य प्लगमधली हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडली, पंखा फिरला, म्हणजे एसएमपीएस चांगला, हा समज चुकीचा आहे. ही चाचणी भार नसताना होते. खरा भार आल्यावर तोच एसएमपीएस मान टाकू शकतो. मल्टिमीटर असेल तर मशीन सुरू होताना १२ व्होल्टची लाइन बघा. ती ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी. तरी सर्वात भरवशाची चाचणी म्हणजे पुरेशा क्षमतेचा, चालू असलेला दुसरा एसएमपीएस लावून बघणं. मात्र मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल एकाच्या दुसऱ्याला लावू नका. टोक सारखं दिसलं तरी आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि हार्ड डिस्क जळू शकते. एसएमपीएस उघडूही नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) विजेचा जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो.

प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची विजेची वेगळी केबल विसरणं हेही नेहमीचं. ती नसेल तर काही बोर्ड लगेच बंद पडतात, काही नुसते पंखे फिरवत राहतात.

शॉर्ट शोधताना आधी सगळी यूएसबी उपकरणं काढा आणि समोरच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून पिन वाकलीय का ते पाहा. मग मदरबोर्डखालचे पितळी स्टँड मोजा. जिथे बोर्डला भोक नाही तिथे एखादा जास्तीचा स्टँड असेल, तर तो बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करतो. तरीही सापडलं नाही तर बोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम ठेवून सुरू करा. बाहेर चालला आणि तेवढ्याच भागांसह कॅबिनेटमध्ये बंद पडला, तर दोष कॅबिनेटच्या बाजूला आहे. बाहेर चालल्यास एकेक भाग परत जोडत जा. एका वेळी एकच. रॅम, सेल आणि एसएमपीएस एकदम बदलले तर कशाने दुरुस्त झालं ते कळत नाही आणि चांगले भाग भंगारात जातात.

बायोसचा (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जचा) सेल बदलणं स्वस्त असतं म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात, पण सेल उतरला की सहसा तारीख-वेळ बिघडते, मशीन बंद पडत नाही. रॅमचा वेग किंवा ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचं सेटिंग) बदलल्यावर त्रास सुरू झाला असेल, तर मात्र बायोस रीसेट नक्की करा.

मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर किंवा सॉकेटमध्ये वाकलेल्या पिना दिसल्या तर स्वतः हात लावू नका. दुरुस्तीला देताना किती सेकंदांनी बंद पडतो, कोणते भाग काढून बघितले आणि त्याआधी नवीन काय लावलं होतं, हे कागदावर लिहून सोबत द्या.