हेलिक्स चढेना? या चुका टाळा

मॉडेल रेल्वेचा, म्हणजे छोट्या आगगाडीच्या रुळांचा, दोन मजली लेआउट करायचा तर गाडी वर न्यायला हेलिक्स लागतो, म्हणजे गोल गोल चढत जाणारा रूळ. तिसऱ्या वेढ्यात इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत उभं राहिलं की आपण इंजिनाला नावं ठेवतो. चूक मात्र बहुधा प्लायवर पेन्सिल टेकवली तेव्हाच झालेली असते.

जागा वाचवायला त्रिज्या कमी धरणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या १/८७ आकारात, एका वेढ्याला साधारण १० सेंमी उंची लागते: साडेसात गाडीला, उरलेली प्लाय आणि रुळाला. त्रिज्या ६१ सेंमी, म्हणजे २४ इंच धरली, तर वेढा ३८३ सेंमीचा आणि चढ २.६ टक्के. भोर घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे २.७ टक्के, आणि तिथे कितीतरी गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात! त्रिज्या ४६ सेंमीवर आणलीत तर चढ साडेतीन टक्के. शिवाय हेलिक्समध्ये सगळं वळणच, चाकं रुळाला घासतच राहतात. त्याचा जुना आडाखा असा: ३२ला इंचांतल्या त्रिज्येने भागा आणि येईल तेवढे टक्के चढात मिळवा. म्हणजे २४ इंचांवरचा २.६चा चढ इंजिनाला ३.९ वाटतो. दुहेरी मार्ग असेल तर चढणारी गाडी बाहेरच्या रुळावर घ्या; तिथे त्रिज्या मोठी, म्हणून चढ कमी.

वेढ्यांमध्ये लाकडी ठोकळे चिकटवू नका. दोन मिलिमीटर चुकले तरी नंतर हलत नाहीत. एम-८ चे, म्हणजे ८ मिमी जाडीचे, आटे पाडलेले रॉड आणि नट-वॉशर वापरा. आठ जागी आधार दिला तर प्रत्येक ठिकाणी साडेबारा मिमी चढायचं. या नटाचा एक फेरा सव्वा मिमीचा, म्हणजे बरोब्बर दहा फेरे. पायथ्याशी आणि माथ्यावर मात्र चढ हळूहळू सुरू करा आणि संपवा, नाहीतर लांब इंजिनाचं कपलिंग तिथेच सुटतं.

फ्लेक्स ट्रॅकचा, म्हणजे हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळाचा, सांधा वळणावर कोपरा काढतो. दोन तुकडे सरळ असतानाच सोल्डर करा, मग वाकवा. पण सगळेच सांधे सोल्डर करू नका; पावसाळ्यात प्लाय फुगतो, त्याला थोडी फट हवी. अशा प्रत्येक तुकड्याला वीजपुरवठ्याची वेगळी वायर द्या.

आता माझा मूर्खपणा. चारही वेढे बांधून मगच मी पहिली गाडी सोडली. दुसऱ्या वेढ्यात एकाच सांध्यावर डबा रुळावरून घसरायचा. पंजा आत जायचा, पण मनगट वळेना, स्क्रूड्रायव्हर तर दूरच. शेवटी वरचे दोन वेढे उतरवले. म्हणून एक वेढा झाला की थांबा. सांध्यांवरून बोट फिरवा, एक रिकामा डबा हाताने ढकलून पाहा, मग सर्वांत लांब गाडी पुढे आणि मागे, दोन्ही दिशांनी चालवा. मध्येच थांबवून पुन्हा सुरू करा. पुढे हलके, मागे जड डबे असतील तर हलके आतल्या बाजूला कलंडतात. १५ सेंमीचा डबा ११३ ग्रॅमच्या आसपास हवा. स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

उतरताना इंजिन हिसके देत असेल तर रुळाला दोष देऊ नका. मागून डब्यांचा रेटा आला की गिअरमधली मोकळीक पुढे-मागे होते. वेग कमी करून पाहा. गाडी खाली पडू नये म्हणून बाहेरच्या कडेला पट्टी लावायला विसरू नका, आणि ती लागेपर्यंत खाली जुनी गादी टाकून ठेवा.