स्तनाच्या कॅन्सरसाठी छाती घरी कशी तपासायची, आणि त्याने जीव वाचतो का?

पाळी संपून तीन-चार दिवस झाले की तपासायचं, कारण पाळीच्या आधी छाती जड, गाठीगाठीची लागते आणि उगाच धस्स होतं. पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख धरा, आईला मी लाईट बिल भरायच्या दिवशी करायला सांगितलंय, तेवढं ती विसरत नाही.

आधी कपाटाच्या आरशासमोर उभं राहायचं, हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून. कुठे खळी पडतेय का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय का, बोंड नव्याने आत ओढलंय का, बोंडातून रक्त येतंय का बघा. दोन्ही बाजू थोड्या लहानमोठ्या असतातच.

मग आडवं व्हा. उजवी बाजू असेल तर उजवा हात डोक्याखाली, आणि डाव्या हाताची मधली तीन बोटं, पण टोकं नाही हां, पेरांचा मऊ भाग, तो छोटा गोल फिरवत एकेका जागी आधी हलकं, मग जरा दाबून, मग बरगडी लागेपर्यंत. गळ्याच्या हाडापासून छातीच्या खालपर्यंत असे वर-खाली पट्टे मारत काखेपासून मधल्या हाडापर्यंत यायचं, काख तर सोडूच नका. खालच्या कडेला एक घट्ट वळकटी लागते, पहिल्यांदा मी तिलाच गाठ समजून रात्रभर जागी! ती बऱ्याच जणींना असते.

आता खरं सांगते. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या सुमारे २ लाख ६६ हजार बायकांवर १९८९ पासून हा प्रयोग झाला, निम्म्यांना तपासणी शिकवली, निम्म्यांना नाही, आणि दहाएक वर्षांनी स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू शिकलेल्यांत १३५ आणि न शिकलेल्यांत १३१, म्हणजे फरक शून्य, उलट शिकलेल्यांच्या साध्या गाठींच्याच बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) जास्त झाल्या. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या अभ्यासात मात्र शिकवलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासायच्या, तिथे पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्के कमी दिसले. त्यामुळे घरी बघितलं म्हणून डॉक्टरकडची तपासणी किंवा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) टाळू नका, आणि एखाद्या महिन्याला राहिलं तर जीवाला लावूनही घेऊ नका.

काही नवीन लागलं तर रोज दाबून बघत बसू नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण "दुखत नाही ना" म्हणून माझ्या मावशीने चार महिने अंगावर काढलं, आणि कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा, तिशीच्या आतल्या मुलींची शक्यतो आधी सोनोग्राफी करतात.