टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी चालेना? आधी भाषा बघा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडे एकाच लॅपटॉपवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड लेआउट अनेकदा असतात. त्यामुळे लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोत, शॉर्टकट बिघडला, तर आधी वरच्या पट्टीवर कोणती भाषा चालू आहे ते बघा. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या लेआउटमध्ये सी च्या कळीवर म असतो, मराठीतही आणि कन्नडमध्येही. काही टर्मिनल अशा वेळी इंग्रजी अक्षर आपणहून शोधतात, काही शोधत नाहीत. मग कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबत नाही. व्हिम या एडिटरच्या आज्ञा तर लागूच पडत नाहीत. सुपर (विंडोज चिन्हाची कळ) आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या. रोजचाच त्रास असेल तर ग्नोम डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक विंडोला वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय आहे, तो निवडा. शेजारच्या विंडोत मराठी पत्र चालू असलं तरी टर्मिनल इंग्रजीतच राहील.

भाषा बरोबर असूनही अडतंय? मग कळ वाटेत कोण घेतंय ते शोधायचं. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणाऱ्या नेहमीच्या शेलमध्ये, कंट्रोल-व्ही दाबा आणि लगेच तो संशयित शॉर्टकट. कंट्रोल-आर असेल तर टोपीसारखं चिन्ह आणि आर उमटेल, म्हणजे कळ आत पोहोचली. काहीच उमटलं नाही किंवा मेनू उघडला, तर ती डेस्कटॉपने किंवा टर्मिनलच्या विंडोने घेतली. एचटॉपमधून (चालू प्रोग्राम दाखवणारं साधन) एफ-१० ने बाहेर पडता न येणं हे याचंच उदाहरण: ग्नोम टर्मिनल ती कळ मेनूसाठी राखून ठेवतो. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ती सवय बंद करता येते.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो कंट्रोल-एस. फाइल सेव्ह करण्याच्या सवयीने तो दाबला जातो आणि स्क्रीन गोठते. मशीन अडकलेलं नसतं. टेलिप्रिंटरच्या काळापासूनचा हा ‘थांब’ इशारा आहे. कंट्रोल-क्यू म्हणजे ‘चालू दे’. मधल्या वेळात भराभर कळा दाबू नका, कारण सुटल्यावर त्या सगळ्या आत जातात, एंटरसकट. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर बॅशआरसी (.bashrc) या बॅशच्या सेटिंगच्या फाइलच्या शेवटी ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ (stty -ixon) ही ओळ इंग्रजी अक्षरांत घाला. मग कंट्रोल-एस जुन्या कमांड पुढच्या दिशेने शोधायला मोकळा होतो, हा फायदा वेगळाच.

कंट्रोल-झेडने प्रोग्राम बंद होत नाही, नुसता थांबतो. ‘एफजी’ (fg) लिहिलं की परत येतो.

‘स्क्रीन’ नावाचा प्रोग्राम (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणारा) वापरत असाल तर कंट्रोल-ए तोच गिळतो. ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए आणि मग नुसता ए दाबा. तो प्रोग्राम नसतानाही कंट्रोल-ए आणि ओळीच्या शेवटी नेणारा कंट्रोल-ई बंद पडले, तर बहुतेक शेल व्हीआय एडिटरच्या पद्धतीत गेलेला असतो: बॅशमध्ये ‘सेट -ओ ईमॅक्स’ (set -o emacs), झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये ‘बाइंडकी -ई’ (bindkey -e) ही आज्ञा द्या.

टाइप केलेलं दिसतच नसेल, तर न दिसताच ‘रीसेट’ (reset) लिहून एंटर दाबा.